लिफ्टवाल्या काकांचं हलतं टेबल

"खेळात मेलेला माणूस घरी जाऊन जेवतो," हे काकांचं पालुपद होतं. कुणी खेळायला बसलं की ते म्हणत, कुणी हरून तोंड पाडलं की म्हणत, आणि ऐकायला कुणी नसलं तरी सोंगट्या डब्यात भरताना स्वतःशीच पुटपुटत. काकूंना ते इतकं पाठ झालं होतं की काकांनी 'खेळात' म्हणायचा अवकाश, स्वयंपाकघरातून 'जेवतो' ऐकू येई. "मग खेळातच मरून घ्या ना एकदाचे," काका पुढे जोडत, "फुकट शिकायला मिळतं."

सहा मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते राहत. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्टची कामं केली होती. लोक इमारत बाहेरून बघतात, रंग बघतात, गच्च्या बघतात; काकांनी शहरातल्या शेकडो इमारती आतून बघितल्या होत्या, त्या उभ्या अंधाऱ्या विहिरीतून, जिथे वंगणाचा वास असतो आणि वर कुठेतरी नाण्याएवढा उजेड दिसतो. भिंतीवर तळवा टेकवून ते सांगत, ही इमारत नेकीनं बांधली आहे की उरकली आहे. अंगठ्याचं नख काळं पडलेलं ते कायमचंच. चालणं संथ, बोलणं त्याहून संथ. घाई करणाऱ्याला ते म्हणत, मीही वर-खालीच करत जन्म काढला, पण दोरी तुटेल असं कधी ओढलं नाही.

त्या शहराखालची जमीन पूर्वी हललेली होती आणि पुन्हा हलणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असलेली गोष्ट माणूस जशी माळ्यावर टाकतो, तशी सगळ्यांनी ती टाकली होती. काकांना टाकता आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मोठा भूकंप झाला, तेव्हा अडकलेल्या लिफ्ट उघडायला जी माणसं पाठवली त्यांत काका होते. दोन दिवसांत त्यांनी अकरा दारं उघडली. आठ लिफ्ट रिकाम्या निघाल्या. काका त्या आठांबद्दल बोलत. कुठलं दार कसं वाकलं होतं, पहार कुठे लावावी लागली, सगळं बारकाईनं सांगत. उरलेल्या तिन्हींबद्दल त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नाही, आणि काकूंनी विचारलं नाही. फक्त तिथून परतल्यावर कित्येक महिने ते तिसऱ्या मजल्यावर जिन्यानंच चढले, लिफ्टवाला असून.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं ते इमारतीत घरोघर सांगत फिरले. कपाट भिंतीला जखडा, पलंगाच्या डोक्याशी जड काही ठेवू नका, हादरे बसताना लिफ्टला हात लावू नका. लोक मान डोलवत, चहा पाजत आणि कपाट होतं तिथेच ठेवत. तेव्हा काकांच्या मनात आलं की सांगून उपयोग नाही, यांना ते घडल्यासारखं वाटलं पाहिजे. मग त्यांनी खेळ केला.

लिफ्टच्या जुन्या केबिनच्या प्लायवुडवर त्यांनी इमारतीचा उभा छेद रंगवला. मजले, खोल्या, जिना, लिफ्ट आणि खाली मोकळं मैदान. माणसं म्हणून बोल्टांचे लोखंडी नट ठेवले, प्रत्येकाचा रंग वेगळा. त्याशेजारी एक हात लांबीचं छोटं टेबल, चार स्प्रिंगांवर उभं, बाजूला दांडा आणि दांड्याला एकीकडे जड केलेलं चाक. दांडा फिरवला की टेबल असं थरथरे की वरचं सगळं सरकू लागे. टेबलावर काड्यापेट्यांची कपाटं, डब्यांच्या झाकणांचे पलंग. खेळणाऱ्यानं आधी आपली खोली लावायची, मग काका दांडा फिरवणार. जे पडेल त्यानं वाट अडली. त्यानंतर पत्ते उचलत आणि फासा टाकत मैदानात उतरायचं. पत्ते काकांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेले होते: चष्मा सापडत नाही, दार अडकलं, आजोबा ऐकत नाहीत. आणि लिफ्टच्या चौकटीत कुणाचा नट गेला, तर काका तो नट उचलून सरळ खिशात टाकत. त्यावर दया-माया नाही, रडारड नाही.

पहिल्या खेपेला खेळात आणखी एक गोष्ट होती. टेबल हलत असताना प्रत्येकानं आपला नट पटावर रंगवलेल्या टेबलाखाली ठेवून चाळीस मोजायचं, कुणी उठायचं नाही. पण तिथे लोक जांभया देऊ लागले. तळमजल्यावरचा दुकानदार म्हणाला की काका, नुसतं बसूनच राहायचं तर मी दुकानात बसतो, चार गिऱ्हाइकं तरी येतील. सगळे हसले. काकांना ते लागलं. त्यांनी चाळीस मोजायचा भाग छाटला, त्या जागी एक फासा ठेवला आणि शेवटी नियम घातला: जो आधी मैदानात, तो जिंकला.

खेळ असा उचलला गेला की विचारू नका. रविवारी सकाळी गच्चीवर दोन-दोन पट मांडावे लागत. आणि त्यात सगळ्यांत वरचढ निघाली चौथ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी ताई. चाळिशी पार केलेली, एकटी राहणारी, जिभेला धार आणि हाताला वेग. एकदा कात्री चालवली की कापड दुसऱ्यांदा बघायचं नाही अशी तिची ख्याती. ती खेळातही तशीच. लागोपाठ तीन रविवार तिचा पिवळा नट सगळ्यांत आधी मैदानात. दुकानदारानं कुरकुर केली, तर म्हणे, तुमचा नट तुमच्यासारखाच आहे, वजनदार.

शहराच्या आपत्ती विभागातल्या एका अधिकारी बाईंच्या कानावर हे गेलं. त्या आल्या, खेळल्या, लिफ्टच्या चौकटीत जाऊन मेल्या आणि खूष झाल्या. म्हणाल्या, काका, आम्ही दहा वर्षं पत्रकं वाटतोय, लोक त्यांत पोळ्या गुंडाळतात. तुमचा खेळ शहरातल्या दोनशे शाळांत पाठवू. काकांनी तेव्हा मान खाली घातली, पण त्या दिवशी ते जेवताना तीनदा हसले आणि काकूंनी तिन्ही वेळा बघितलं.

खेळाची छापील पेटी कशी दिसेल याचे कागद येत-जात राहिले. आणि अशाच एका बुधवारी, सकाळी साडेअकराला, जमीन हलली.

फार नाही. पंधरा-वीस सेकंद. भांडी किणकिणली, पंखे झुलले, पाण्याच्या टाकीतून डुचमळल्याचा आवाज आला. काकांनी काकूंच्या दंडाला धरून त्यांना जेवणाच्या टेबलाखाली ओढलं, एका हातानं टेबलाचा पाय धरला आणि डोळे मिटून मोजायला लागले. चाळीसपर्यंत मोजून झालं तेव्हा हलणं केव्हाच थांबलं होतं. काकू म्हणाल्या, "अहो, आता सोडा, दंड दुखतोय." आणि तेवढ्यात जिन्यातून किंकाळी ऐकू आली.

इमारतीत भिंतीवरच्या एका घड्याळापलीकडे काही पडलं नव्हतं. जिन्यात मात्र सात माणसं धावली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये ताई पडली होती, उजवं मनगट अंगाखाली. पाचव्या मजल्यावरचे बहिरे आजोबा, ज्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं, ते खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत राहिले आणि त्यांच्या अंगावर धूळही पडली नाही.

ताईच्या मनगटात सळई घालावी लागली.

आणि लोक काकांचं कौतुक करू लागले, हेच काकांना सोसेना. दुकानदार मैदानात उभं राहून सगळ्यांना सांगत होता की दीड मिनिटात खाली, एकजण लिफ्टकडे फिरकला नाही, ही सगळी काकांची शिकवण. खरंच कुणी लिफ्टला हात लावला नव्हता. अधिकारी बाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या की याहून मोठा पुरावा कुठला. पेटीच्या झाकणावर तुमच्या लोकांचा मैदानातला फोटो घालू.

 काका दोन दिवस खेळाचा पट उघडून बसत आणि नुसते बघत. जिन्यात कोण कोण धावलं हे त्यांनी मनात पुन्हा पुन्हा घोळवलं. सातांपैकी सहा जण रविवारचे पट्टीचे खेळाडू होते. जे कधी खेळले नाहीत ते कुठे दाराच्या चौकटीत, कुठे पलंगावर, घाबरून का होईना जागच्या जागी राहिले होते.

तिसऱ्या दिवशी ते चौथ्या मजल्यावर गेले. ताई खिडकीशी शिवणयंत्राजवळ बसली होती. यंत्रावर अर्धा शिवलेला झगा तसाच होता, सुई कापडात रुतलेली. काकांनी बसायला जागा शोधली. ताईनं बसा म्हटलं नाही. 

मग तीच बोलली. सांगण्यासारखं काही नव्हतं, ती म्हणाली. बाही कापत होती, खोली हलली, हातातली कात्री टाकली आणि धावली. भीती वाटायलासुद्धा वेळ मिळाला नाही. डोक्यात एकच होतं, पहिला नंबर.

"काका, तुम्ही कुठे होता तेव्हा?" तिनं विचारलं.

काकांनी पायाकडे बघितलं.

"टेबलाखाली."

"अस्सं," ताई म्हणाली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

आणि ती डाव्या हातानं कापडात रुतलेली सुई वर काढू लागली. 

जिना उतरताना, एकेका पायरीवर थांबत, त्यांना आपली चूक उमगली. ती लिफ्टवाल्याचीच चूक होती. त्या तीन दारांमागची माणसं त्यांनी बघितली आणि पंचवीस वर्षं दोष लिफ्टला दिला. ती माणसं तिथवर धावत आली होती, हे कधी ध्यानातच घेतलं नाही. खेळातलं सगळं भय त्यांनी एका चौकटीत कोंडलं, आणि बाकी इमारत, जिन्यासकट, बक्षीस म्हणून मोकळी सोडली. स्वतःचं अंग मात्र शहाणं निघालं. ते आपसूक टेबलाखाली गेलं. अंगाला जे कळलं होतं ते त्यांनी एका जांभईपायी खेळातून छाटलं होतं.

सोमवारी अधिकारी बाई अखेरचे कागद घेऊन आल्या. काकांनी नियम वाचून सही करायची की छपाई सुरू. बाई चांगल्या होत्या, कामाच्या होत्या, आणि आपल्या वरिष्ठांशी वर्षभर भांडून त्यांनी हे इथवर आणलं होतं. काकूंनी चहा ठेवला. काकांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, हे असं शाळांत जाऊ देता येणार नाही. मग त्यांनी ताईची गोष्ट सांगितली, स्वतः कुठे होते तेही सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

"पण लोक दीड मिनिटात खाली आले, काका," बाई म्हणाल्या.

"तेच तर चुकलं, मॅडम. इमारत पडायची असती तर तिनं दीड मिनिट वाट बघितली नसती. आणि पडायची नव्हती, तर हलत असताना जिन्यात जायचं कारणच नव्हतं. उतरायचं ते हलणं थांबल्यावर."

बाईंनी एक मार्ग काढून बघितला. नियमांत एक ओळ घालू, त्या म्हणाल्या: हादरे थांबेपर्यंत टेबलाखाली बसा, मग सावकाश उतरा. ठळक अक्षरांत.

"ओळी कुणी वाचत नाही," काका म्हणाले. "जिंकतं कोण, तेवढंच बघतात. पहिला येणारा जिंकतो म्हटलं की पोरं धावणार. ठळक लिहा नाहीतर सोन्यानं लिहा."

बाईंनी कागद पुन्हा पिशवीत भरायला बराच वेळ घेतला. आता थांबवलं तर पुन्हा केव्हा सुरू होईल याचा त्यांनाच भरवसा नव्हता. यंदाची तारीख गेली की साहेब दुसरं काहीतरी काढतील. त्यांनी ते रागानं सांगितलं नाही, जसं आहे तसं सांगितलं. काका म्हणाले, मग राहू दे. दोनशे शाळांत चुकीचा खेळ जाण्यापेक्षा कुठेच नाही गेला तर बरा. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

त्या दिवशी काकू पालुपद ऐकायची वाट बघत होत्या. ते आलं नाही; काका पट उघडून पट्ट्या कापायला बसले.

आता खेळ दुरुस्त करायचा होता, आणि ते एकट्याच्यानं होईना. उठायचं नाही हा नियम घातला की पुन्हा जांभया येणार, हे काकांना दिसत होतं. तीन आठवडे त्यांनी पट्ट्या कापल्या, पत्ते लिहिले, फाडले. काकू म्हणाल्या, "अहो, जिंकण्यासाठी जी जीव टाकते तिला विचारा. तुम्ही आणि मी काय, आपण दोघं हरायलाच बसतो." बोलणं काळजात गेलं. काका पट काखेत मारून पुन्हा चौथ्या मजल्यावर गेले.

ताईच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. मनगट पुरतं वळत नव्हतं. मोठी कात्री धरवत नव्हती, कापून देण्याचं काम आता दुसरीकडे जात होतं आणि तिच्याकडे सरळ शिलाई तेवढी उरली होती. पट बघून ती म्हणाली की आता काय डावा हातही मोडायचाय का. काकांनी पट भिंतीला टेकवला. म्हणाले, खेळायला नाही आलो, विचारायला आलो. ही खोली आत्ता हलली तर तू कुठे बसशील?

तिनं कापड कापायच्या मोठ्या टेबलाकडे बोट दाखवलं. जुनं, जाड लाकडाचं, चांगलं भक्कम टेबल. खाली मात्र चिंध्यांची पोती वरच्या फळीला भिडतील अशी ठासलेली. दोघांनी पोती ओढून काढली. काका एकेक ओढत, ताई डाव्या हातानं ढकलत. अर्ध्या तासानं जागा झाली. ताई वाकून आत बसली, एका हातानं टेबलाचा पाय धरला, आणि आतूनच म्हणाली की इथे बसून चाळीस मोजायचं म्हणजे काकांची शिक्षाच आहे.  मग म्हणाली, "असं करा. मला इथून उठवून दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीही बोला. मी उठले तर हरले."

काकांनी सुरुवात केली ती त्यांच्या वकुबाप्रमाणे. दूध उतू चाललंय, ते म्हणाले. चालू दे, पातेलं घासणारी मीच आहे, ताई म्हणाली. दारात गिऱ्हाईक आलंय. त्याला सांगा, आत या, खाली जागा आहे. तुझी मोठी कात्री खिडकीतून खाली पडतेय. इथे ती क्षणभर थांबली, टेबलाच्या पायावरची बोटं सैल झाली, मग पुन्हा घट्ट झाली. "पडू दे," ती म्हणाली. काकांनी दांडा फिरवावा तसा हात हवेत फिरवत मोजणं चालू ठेवलं, आणि चाळीसला पोहोचले तेव्हा ताईच्या कपाळावर घाम होता. जांभई कुणालाच आली नव्हती.

नवा खेळ तिथे जन्मला. टेबल हलत असताना ज्याची पाळी तो खराखुरा टेबलाखाली जाणार, आणि बाकीचे पत्ते वाचून, टोमणे मारून, लालूच दाखवून त्याला उठवायला बघणार. पळायचं बक्षीस गेलं. हलणं थांबल्यावर सगळे मिळून उतरायचे, आणि मजल्यावरचं एकही माणूस मागे राहिलं तर कुणीच जिंकलं नाही.

रविवारी गच्चीवर पुन्हा पट मांडला. दुकानदाराला "गल्ला उघडा राहिला" या एका पत्त्यावर उठवलं आणि तो महिनाभर त्यावरून चिडला. बहिरे आजोबा सगळ्यांत जास्त वेळा जिंकले. लोकांनी हरकत घेतली की त्यांना ऐकूच येत नाही, हा अन्याय आहे. ताई म्हणाली, तुम्ही बहिरे व्हा, तुम्हाला कुणी अडवलंय.

एक पत्ता मात्र अडला. दुसऱ्या मजल्यावरची एक आई टेबलाखाली होती आणि कुणीतरी वाचलं: पलीकडच्या खोलीत मूल रडतंय. ती ताडकन उठली, डोकं टेबलाला आपटलं, आणि उठल्यावर म्हणाली की या पत्त्यावर मी दर वेळी उठणार, मला हरलेली समजा. कुणी हसलं नाही. काकांनी तो पत्ता बरेच दिवस खिशात ठेवला. फाडावा तर खोटेपणा, ठेवावा तर उत्तर नाही. शेवटी त्यांनी त्याखाली लिहिलं: इथून जोरात हाक मारा, त्याला टेबल माहीत आहे का? दुसऱ्या दिवशी त्या आईनं मुलीला पलीकडच्या खोलीतल्या टेबलाखाली बसायला शिकवलं. ते बरोबर आहे का, पुरेसं आहे का, हे काकांना तेव्हाही सांगता आलं नसतं.

अधिकारी बाईंकडून निरोप आला नाही. पावसाळा आला आणि गेला. काका एके दिवशी दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांसमोर बसले आणि एका वर्गासाठी एक तास मागून आले. दोनशे शाळांच्या जागी सहावीचा एक वर्ग. आधी वर्गातली बाकं बघायची, खाली पोर मावतं का, मग खेळ, असं त्यांनी ठरवलं होतं. काकूंनी विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात? काका म्हणाले, सातवी.

निघण्याआधी ते चौथ्या मजल्यावर पट दाखवायला गेले. ताईनं नवे पत्ते डाव्या हातानं चाळले, दोन काढून टाकले, यांवर कुणी उठणार नाही म्हणाली, आणि हलत्या टेबलाला पांघरायला जुन्या चादरीची शिवलेली खोळ दिली. टीप एका बाजूला जराशी तिरकी गेली होती. काकांनी त्या टिपेवरून अंगठा फिरवला. "माझ्यामुळे," ते म्हणाले. ताईनं नाही म्हटलं नाही. म्हणाली, "उशीर होईल, काका."

ती खिडकीशी आली तेव्हा ते खाली रस्त्यावर पोहोचले होते. एका खांद्याला पट, दुसऱ्या काखेत खोळीतलं टेबल. दुकानांच्या पाट्यांखालून न जाता ते रस्त्याच्या मधोमध चालले होते, आणि मागून सायकली घंटा वाजवत होत्या. ते कुणालाही वाट देत नव्हते आणि पाऊलही लांब टाकत नव्हते. शाळेच्या वळणावर टेबल घसरलं, ते थांबले, गुडघ्यावर टेकवून पुन्हा नीट धरलं, आणि वळले. ताईनं उजवा हात खिडकीच्या गजावर ठेवला होता. ते दिसेनासे झाले तरी ती तिथून लगेच हलली नाही.